वही शेठची, पुरावा मजुराचा

वेठबिगारी मोडून काढणाऱ्या कायद्यावर राष्ट्रपतींची सही झाली ती ९ फेब्रुवारी १९७६ रोजी. आज त्याला पन्नास वर्षे पुरी झाली. अध्यादेश त्याआधीच, ऑक्टोबर १९७५मध्ये निघाला होता. आणीबाणीचे दिवस होते, वीस कलमी कार्यक्रमाचा गजर चालू होता. देशातल्या बोलत्या माणसांची तोंडे बंद केलेली असताना, पिढ्यान्‌पिढ्या गप्प राहिलेल्या माणसांना मोकळे करणारा कायदा निघावा, हा योग विचित्रच. कायदा मात्र चांगला होता. इतका चांगला, की तो वापरायच्या भानगडीत फारसे कुणी पडले नाही.

दिल्ली-मुंबईत आज एखादे चर्चासत्र होईल, सरकारी कचेऱ्यांतून फलक लागतील. आमच्या शहापूर तालुक्यातल्या आटगाव, खर्डी, वासिंद आणि तिकडे मुरबाडच्या सरळगाव-टोकावड्याच्या पट्ट्यात मात्र वीटभट्ट्यांचा हंगाम ऐन भरात आहे. थंडी सरत आली, ऊन तापू लागले, विटा लवकर वाळतात. कातकरवाड्या ओस पडल्या आहेत. कुलूप लावावे असे घरात काही नसते. दाराची ताटी दोरीने बांधून माणसे भट्टीवर गेली आहेत. म्हातारी आणि आजारी तेवढी मागे राहिली. बाकीचे परततील ते मृगाच्या तोंडावर.

भट्टीवरचा दिवस रात्रीच सुरू होतो. पहाटे दोन-तीनच्या सुमारास जोडी उठते. जोडी म्हणजे नवरा-बायको. भट्टीच्या हिशेबात माणूस सुटा मोजलाच जात नाही. संध्याकाळी भिजत घातलेली माती तुडवून गारा करायचा. बायकोने तो वाहून आणायचा, नवऱ्याने उकिडवे बसून गोळा साच्यात आपटायचा, वरून हात फिरवायचा, साचा उलटा करायचा. विटा जमिनीवर उतरल्या की साच्याला पुन्हा भुकटी लावायची, पुन्हा गोळा. हे उन्हे चढेपर्यंत. मग आधीच्या विटा परतायच्या, उभ्या करायच्या, वाळलेल्या उचलून भट्टी रचायला न्यायच्या. परतायचे काम बहुधा पोरांकडे, कारण पोरे चपळ आणि अंगाने हलकी. एका जोडीच्या हातून दिवसाला हजाराच्या आसपास विटा पडतात आणि दर ठरतो तो हजारी. फेब्रुवारी-मार्चात अवकाळीची एक सर आली, की रात्रभर पाडलेल्या विटांचा पुन्हा चिखल होतो. त्या विटा मोजणीत येत नाहीत. पाऊस कुणाच्या खात्यावर पडला, हे विचारायचे नसते.

राहायला भोंगा. कच्च्या विटा रचून केलेला चौकोन, वर पेंढा किंवा प्लास्टिकचा कागद, आत वाकून शिरायचे. आठवड्याच्या बाजाराला खर्ची मिळते, मीठ-मिरची-तांदळापुरती. कुणी आजारी पडले तर शेठ दवाखान्यात नेतो, खर्च खात्यावर मांडतो. आणि हे सगळे जिच्यात मांडले जाते ती वही शेठकडे असते.

उचल मात्र भट्टी पेटण्याच्या कितीतरी आधी घेतलेली असते. श्रावण-भाद्रपदात घरातले धान्य संपते, भातलावणीची मजुरी केव्हाच खाऊन झालेली असते आणि कापणीला अवकाश असतो. जंगलातले कंद, नदीतले मासे-चिंबोऱ्या यांच्यावर दिवस निघतात, पण पोराच्या तापाला आणि बहिणीच्या लग्नाला रोकड लागते. अशा वेळी मुकादम वाडीवर येतो. पैसे रोख मिळतात, विनातारण मिळतात, कागद न करता मिळतात. कुठलीही बँक देणार नाही इतक्या सहज मिळतात. तारण असते ते येणाऱ्या आठ महिन्यांचे, आणि ते एकट्याचे नसते. उचल नवऱ्याच्या नावावर मांडली जाते, फेडायला बायको आणि पोरे बरोबर जातात. बायकोचे नाव वहीत कुठेच नसते.

हंगाम संपताना एक संवाद या पट्ट्यात दर साली होतो.

“शेठ, आमचा फिटला का?”

“कुठला फिटतोय? अजून हाय तुझ्याकडं. पुढल्या साली बघू.”

‘पुढल्या साली’ या उत्तरावर दाद मागायला जागा नाही. किती विटा पडल्या, किती फुटक्या धरल्या, खर्ची किती झाली, डॉक्टरचे किती लावले, हे सगळे त्या वहीत; आणि वही वाचता येणारा माणूस एकच. बाकी राहिलेल्या रकमेवर पुढच्या पावसाळ्यात आणखी उचल चढते आणि त्याच भट्टीवर जाणे भाग पडते. दुसऱ्या शेठकडे जायचे तर त्याने आधीची बाकी चुकती करायची. म्हणजे माणूस एका वहीतून दुसऱ्या वहीत जातो.

करारात बांधून नेलेल्या मजुरांचे दाखले जगाच्या इतिहासात पुष्कळ आहेत आणि ते वाचताना अंगावर काटा येतो. इंग्रजांनी १६०७ साली अमेरिकेत जेम्सटाउनची वसाहत केली. तिथे तंबाखू लावायला माणसे हवी होती, म्हणून इंग्लंडातले गरीब जहाजाच्या भाड्याच्या बदल्यात चार ते सात वर्षांच्या चाकरीला बांधून नेले. १६१८ पासून तर व्हर्जिनियात असा नियमच झाला, की जो कुणी दुसऱ्याचे भाडे भरून त्याला आणील, त्याला दर माणशी ५० एकर जमीन मिळावी. आलेल्यांतले कितीतरी पहिल्याच वर्षात तापाने आणि उपासमारीने गेले. पळून गेला तर मुदत वाढे, चाकरीत असताना बाईला मूल झाले तरी मुदत वाढे. मालकाने मारले तर न्याय मागायचा तो मालकांनीच भरलेल्या न्यायालयात. हे सगळे खरे, पण त्या करारात एक तारीख असे. ती उलटली की मजूर मोकळा. जाताना त्याला मका आणि कपडे द्यावेत असा रिवाजही होता.

दोनशे वर्षांनी हाच धंदा आपल्याकडून सुरू झाला. गुलामगिरी बंद झाल्यावर ऊसमळ्यांना मजूर मिळेनात. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘ॲटलस’ जहाजातून ३६ मजूर कलकत्त्याहून मॉरिशसला उतरले, तेही मुळात डोंगराळ भागातले आदिवासीच. पाच वर्षांचा करार, महिना पाच रुपये. पुढे १९२०पर्यंत सुमारे साडेचार-पाच लाख माणसे त्या बेटावर उतरली. मुंबई बंदरातून कोकणातले, देशावरचे मराठी लोकही गेले. त्यांचे वंशज तिथे आजही गणपती बसवतात. एक दिवस कामावर आला नाही तर दोन दिवसांची मजुरी कापायची, असा तिथल्या मळ्यांवरचा कायदा होता. ज्या घाटावर ही माणसे उतरली तो अप्रवासी घाट २००६ साली जागतिक वारसास्थळ झाला. तिथे जाऊन आपले पुढारी फुले वाहतात, आणि ते योग्यच आहे. पण गिरमिटालाही मुदत होती, ती कागदावर लिहिलेली होती आणि तो कागद सरकारदरबारी नोंदलेला होता. त्या नोंदी शाबूत आहेत, म्हणून तर मॉरिशसमधला माणूस आज आपल्या खापरपणज्याचे गाव शोधू शकतो.

आमच्या ठाणे जिल्ह्यातल्या बांधील मजुराच्या वाट्याला यातले काहीच आले नाही. तारीखही नाही, कागदही नाही.

१९३७ साली मुंबई प्रांतात बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळ आले. त्यांनी आदिवासी आणि डोंगरी जमातींच्या स्थितीची चौकशी करायला डी. सिमिंग्टन या आयसीएस अधिकाऱ्याची नेमणूक केली. १९३८ साली त्याने अहवाल दिला. त्यात ‘लग्नगडी’ आहे. लग्नासाठी जमीनदाराकडून शे-दोनशेच्या आत रक्कम घ्यायची आणि त्याबदल्यात नवरा-बायकोने त्याच्याकडे राबायचे. मजुरी नाही, पोटापुरते धान्य आणि अंगावर धडुते. मजुरीच नाही तर मुद्दल फिटणार कशातून? बाप मेला तर मुलगा. सिमिंग्टन काही कुणी चळवळ्या नव्हता. ब्रिटिश राजवटीतला नोकरशहा होता; पण जे पाहिले ते त्याने लपवले नाही. व्हर्जिनियातल्या मळेवाल्यांना मुदतीचे चाकर पुरेनात, तेव्हा त्यांनी आफ्रिकेतून आयुष्यभराचे, वंशपरंपरेचे गुलाम आणले. आमच्याकडच्या सावकाराला समुद्र ओलांडावा लागला नाही. एका लग्नाच्या खर्चात त्याला तेच मिळाले.

तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात डहाणू, उंबरगाव हेही येत असे. जानेवारी १९४५मध्ये टिटवाळ्याला किसान सभेचे अधिवेशन भरले. आटगावहून लोकलने चौथे स्टेशन. उंबरगावकडून काही वारली पायपीट करत, गाड्या बदलत तिथवर आले आणि आपल्या वेठीची गोष्ट सांगून गेले. गोदावरी आणि शामराव परुळेकर त्यानंतर वारल्यांच्या पाड्यांवर जाऊन राहिले. वर्षाच्या आत लग्नगडी मोकळे होऊ लागले. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर गोळीबार झाला, त्यात जेठ्या गांगड आणि त्याचे साथीदार गेले. गोदूताईंचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ वाचणाऱ्यांना ही हकीकत ठाऊक आहे. जे इथे नोंदवायचे ते एवढेच, की त्या लढ्याने ज्या वेठीला हात घातला ती जमिनीशी जोडलेली होती. कूळकायद्याने पुढे जमीनदाराचे कंबरडे मोडले, वेठ मात्र जमीन सोडून बाहेर पडली. रेतीत गेली, खाणीत गेली, कोळसाभट्टीत गेली आणि विटांत गेली.

कातकऱ्यांच्या बाबतीत तर ती आधीच बाहेर होती. खैराच्या झाडापासून कात काढणारी ही जमात. आसनगाव ते कसारा रेल्वे १८६१ साली झाली, पुढे थळ घाट चढून गेली. जंगलाला बाजार आला. १८७८च्या जंगल कायद्याने राखीव जंगलाची हद्द आखली आणि कातकरी त्या हद्दीबाहेर पडले. १८९२ साली आटगावशेजारीच तानसाचे धरण बांधून झाले आणि पाणी नळाने मुंबईला गेले. शहराला पाणी, लाकूड, कोळसा आणि वीट, चारही आमच्या तालुक्यातून. मुंबई आणि तिची उपनगरे उभी करणाऱ्या विटांवर कातकऱ्यांच्या बोटांचे ठसे आहेत, असे कुणी लिहिले तर ते अलंकारिक वाटेल. पण साच्यातून वीट काढताना बोटे खरोखरच उमटतात. सरकारी यादीत आज कातकरी हे महाराष्ट्रातल्या तीन विशेष असुरक्षित आदिवासी गटांपैकी एक. त्यांच्या कितीतरी वाड्या अजून दुसऱ्याच्या जमिनीवर आहेत. राहते घर ज्याच्या जागेत, त्याच्यापुढे हिशेब मागायला तोंड उघडत नाही.

आता त्या कायद्याकडे. १९७६च्या कायद्याने तीन गोष्टी केल्या. वेठबिगारी तत्काळ बंद. वेठीच्या पोटी असलेले कर्ज रद्द, ते वसूल करणे हाच गुन्हा. आणि तिसरी, जिच्याकडे सगळ्यांचे दुर्लक्ष होते, ती पंधराव्या कलमात आहे. मजुराने म्हटले की हे वेठीचे कर्ज आहे, तर ते तसे नाही हे सिद्ध करायची जबाबदारी कर्ज देणाऱ्याची. कायदा लिहिणाऱ्यांना भट्टीवरची वही कुणाच्या हातात असते हे नेमके माहीत होते. ज्याच्याकडे वही, त्यानेच पुरावा द्यावा, इतके सरळ.

पुढे सर्वोच्च न्यायालयाने हे आणखी पक्के केले. १९८२च्या एशियाड मजुरांच्या निकालात न्या. भगवती यांनी सांगितले, की किमान वेतनापेक्षा कमी पैशात काम करून घेणे हीच सक्तीची मजुरी. तिला संविधानाच्या २३व्या कलमाची बंदी आहे. उपाशी माणसाने ‘हो’ म्हटले म्हणून ती राजीखुशी ठरत नाही. डिसेंबर १९८३मध्ये फरीदाबादच्या दगडखाणीतल्या मजुरांच्या खटल्यात, बंधुआ मुक्ती मोर्चाच्या याचिकेवर, न्यायालय एक पाऊल पुढे गेले. सक्तीची मजुरी दिसली की ती उचलीपोटीच आहे असे गृहीत धरा, उलट सिद्ध करायचे असेल तर मालकाने आणि सरकारने करावे. याहून स्वच्छ भाषा कुठली हवी?

तरी आज प्रत्यक्षात काय होते? मुक्तीचा दाखला मागायला आलेल्या माणसाला विचारले जाते: उचल घेतल्याचा कागद आहे का? किती घेतले, कधी घेतले, साक्षीदार कोण? तुला कोंडून ठेवले होते का? बाजाराला जात होतास ना? खिशात मोबाइल आहे, मग तू बांधलेला कसा? बाजाराला जाणारा माणूस संध्याकाळी भट्टीवर परत का येतो, हा प्रश्न कुणी विचारत नाही. बायको-पोरे भट्टीवर असतात म्हणून तो परत येतो. कायद्याने मालकाच्या माथी ठेवलेला पुरावा पन्नास वर्षांत हळूहळू सरकत मजुराच्या माथी आला. त्यासाठी कायदा बदलावा लागला नाही. चौकशीचा छापील नमुना पुरला.

पुनर्वसनाच्या पैशाचेही तेच. १९७८ साली मुक्त मजुराला चार हजार रुपये मिळत. २०१६च्या योजनेत ही रक्कम पुरुषाला एक लाख, स्त्रिया आणि मुलांना दोन लाख, अत्याचाराच्या गंभीर प्रकरणांत तीन लाख झाली. ऐकायला छान. तातडीची मदत वीस हजार, नंतर ती तीस हजारांपर्यंत वाढवली. बाकीची रक्कम मात्र आरोपीला शिक्षा झाल्यावर. खटला किती वर्षे चालतो हे सांगायला नको. तोवर तो माणूस खाणार काय? उत्तर आपल्याला माहीत आहे: उचल घेणार. आणि शिक्षेचे म्हणाल, तर कायद्यात आजही तीन वर्षांपर्यंत कैद आणि दोन हजार रुपयांपर्यंत दंड लिहिलेला आहे. १९७६ साली दोन हजार ही रक्कम होती. आज एका जोडीच्या दोन-तीन दिवसांच्या विटा विकल्या तरी त्याहून जास्त येतात.

काहीच झाले नाही असे म्हणणे कृतघ्नपणाचे होईल. विवेक आणि विद्युल्लता पंडित यांनी १९८२च्या सुमारास वसई तालुक्यात श्रमजीवी संघटना उभी केली, वेठबिगार मुक्त केले, मार खाल्ला. १९९९ साली लंडनच्या अँटी-स्लेव्हरी इंटरनॅशनलचा पुरस्कार या दोघांना मिळाला. भट्टीवरच्या पोरांसाठी ‘भोंगा शाळा’ याच कार्यकर्त्यांनी चालवल्या. पण एका संघटनेला पिढ्यान्‌पिढ्या जे करत राहावे लागते, ते मुळात सरकारचे काम होते. कायद्याने प्रत्येक जिल्ह्यात आणि प्रत्येक उपविभागात दक्षता समिती सांगितली आहे. आपल्या उपविभागाच्या समितीत कोण आहे, ती शेवटची कधी बसली, हे वाचकांपैकी किती जण सांगू शकतील?

आणि हे जुने दुखणे आहे असे ज्यांना वाटते त्यांनी अलीकडच्या दोनच गोष्टी आठवाव्यात. ऑगस्ट २०२१मध्ये मोखाडा तालुक्यात एका कातकरी माणसाच्या आत्महत्येनंतर वेठबिगार कायद्याखाली गुन्हा नोंदवला गेला. मुलाच्या कफनासाठी घेतलेल्या पाचशे रुपयांपायी त्याला राबवून घेतले, अशी त्याच्या बायकोची तक्रार होती. पाचशे रुपये. पुढच्याच वर्षी, कसारा घाट चढला की लागतो त्या इगतपुरी तालुक्यातून, कातकऱ्यांची पोरे थोड्या पैशांसाठी आणि एखाद्या मेंढीसाठी मेंढपाळांकडे राबायला दिली गेल्याचे उघड झाले. एका दहा वर्षांच्या मुलीचा जीव गेला तेव्हा ते उघड झाले. त्याआधी गावाला ठाऊक नव्हते, असे कुणी म्हणत असेल तर आम्ही त्यावर विश्वास ठेवत नाही.

भट्टीमालकांची बाजूही मांडायला हवी, कारण ते काही परके नाहीत. आमचेच आगरी-कुणबी भाऊबंद आहेत, कुणाचा मामा, कुणाचा मेहुणा. त्यांचे म्हणणे असे, की उचल दिली नाही तर कातकऱ्याच्या घरी पावसाळ्यात चूल पेटणार नाही. उचल घेऊन माणूस पळाला तर आमचे पैसे बुडतात. विटेचा भाव व्यापारी ठरवतो, माती आणि कोळसा महाग झाला. यातले पहिले वाक्य अक्षरशः खरे आहे. तेच तर या प्रश्नाचे मूळ. आषाढ ते आश्विन या चार महिन्यांत कातकऱ्याला रोख पैसे देणारा या तालुक्यात भट्टीवाल्याशिवाय दुसरा कुणी नाही. सरकार नाही, बँक नाही, सोसायटी नाही. पण उपाशी माणसाला पैसे दिले म्हणजे वही लपवायचा हक्क मिळतो असे नाही. पैसे बुडायची भीती असेल तर हिशेब उघडा ठेवावा. उघड्या हिशेबात बुडवणाराही दिसतो.

कायदा करणाऱ्यांनी ही पावसाळ्याची गोष्टही ओळखली होती. दक्षता समितीत बँका-पतसंस्थांचा प्रतिनिधी असावा, मुक्त मजुरांना ग्रामीण बँका आणि सहकारी सोसायट्यांकडून पुरेसे कर्ज मिळेल हे समितीने पाहावे, असे कायद्यात लिहिले आहे. महाराष्ट्राने तर ‘खावटी’ ही योजनाच १९७८ साली काढली, पावसाळ्यात आदिवासी कुटुंबाला धान्य आणि रोख मिळावे म्हणून. पुढे ती थकबाकीत आणि माफीत रुतली. करोनाच्या वेळी ती चार हजारांचे अनुदान म्हणून पुन्हा आली, अर्धे रोख आणि अर्धे वस्तूंच्या रूपात. पण ती आपत्तीतली मदत होती, दर सालची हमी नव्हती.

आमच्याच मातीत याची आठवण आहे. दर साली २ जानेवारीला मुरबाड तालुक्यातल्या सिद्धगडावर हुतात्मा भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांना मानवंदना दिली जाते. १९४३ साली त्याच पहाटे दोघे पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. विजेचे मनोरे पाडणारे कोतवाल सगळ्यांना आठवतात. पण त्याआधी त्यांनी नेरळ-कर्जतच्या बाजूला धान्यकोठ्या काढल्या होत्या, पावसाळ्यात शेतकऱ्याने आणि आदिवासीने सावकाराच्या दारात जाऊ नये म्हणून. सिद्धगडावर जमणाऱ्या पुढाऱ्यांपैकी एकानेही गेल्या कित्येक वर्षांत एखाद्या कातकरवाडीवर धान्यकोठी काढल्याचे आमच्या ऐकिवात नाही. भाषणे मात्र उत्तम होतात.

नवा कायदा नको, नवी समितीही नको. शहापूर तालुका आणि मुरबाडची कितीतरी गावे अनुसूचित क्षेत्रात येतात. १९९६च्या पेसा कायद्याने अशा गावांत आदिवासींना होणाऱ्या सावकारीवर नियंत्रण ठेवायचा अधिकार ग्रामसभेकडे दिला आहे. उचल ही सावकारी नाही तर काय आहे? ग्रामसभेने ठरवले तर भट्टी सुटण्याआधी, मेच्या अखेरीस, प्रत्येक जोडीचा हिशेब शाळेच्या नाहीतर ग्रामपंचायतीच्या ओट्यावर, तलाठी आणि ग्रामसेवकासमोर, मोठ्याने वाचून मिटवता येईल. बायकोचे नाव नवऱ्याच्या बरोबरीने वहीत लागेल. बाकी राहिली तर ती किमान वेतनाच्या दराने मोजून पाहिली जाईल, आणि तशी मोजली की बहुतेक ठिकाणी शेठच मजुराचे देणे लागेल. आदिवासी विकासाचे प्रकल्प कार्यालय शहापुरातच आहे. खावटी आषाढ लागण्याआधी वाडीवर पोहोचावी, मुकादमाच्या आधी, एवढे त्या कार्यालयाकडून वसूल करता येईल. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेला हा विषय घेऊन उपयोग नाही. तोवर उचल वाटायला सुरुवात झालेली असते.

म्हणून वाचकांना, विशेषतः ग्रामपंचायतीत बसणाऱ्या वाचकांना, आमची विनंती आहे. तुमच्या हद्दीत भट्टी असो वा नसो, तुमच्या हद्दीतली कातकरवाडी कुठल्या ना कुठल्या भट्टीवर गेलेली आहे. १ मेच्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर ‘भट्टी मजुरांचा हिशेब’ हा एक विषय घाला. भट्टीमालकाला वही घेऊन बोलवा, आणि ज्यांचा हिशेब आहे त्यांना त्या दिवशी भट्टीवरून आणायला गाडी पाठवा. १ मेला अजून पावणेतीन महिने आहेत.